नानकटाई: नाव कुठून आलं आणि पाकिटावर काय लिहावं

देवगडच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या दोन वर्षं घरी नानकटाई करून विकतात आणि आता पाकिटं छापायची आहेत. मुलगी म्हणते, ‘कुकीज’ लिही, मुंबईची माणसं हात लावतील. सासूबाई म्हणतात, नानकटाईला नानकटाईच म्हणायचं. आणि छापखानेवाल्याने ‘शुद्ध शब्द नानखटाई आहे’ असं सांगून मजकूर परस्पर बदलून आणला. त्यांचा प्रश्न असा की यातलं बरोबर काय, हा शब्द मुळात कुठला, आणि खटाई म्हणजे आंबट असेल तर एवढ्या गोड पदार्थाला ते नाव कसं पडलं.

मी वेंगुर्ल्यात छत्तीस वर्षं भट्टीपुढे काढली आहेत, त्यामुळे पदार्थाबद्दल हक्काने बोलू शकतो. शब्दाचं कुतूहल माझ्या उस्तादांनी लावलं आणि ते आजवर सुटलेलं नाही. ताई, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. ‘नानकटाई’च लिहा. का लिहायचं ते मात्र नीट सांगतो, कारण उद्या कुणी गिऱ्हाईक तुम्हाला हटकणारच.

माझे उस्ताद रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. ते ‘नानखताई’ म्हणायचे, ख घशातून काढून आणि त अगदी मऊ. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. मला वाटायचं, वयामुळे दात गेलेत, म्हणून टचा त होतोय. एकदा धीर करून विचारलं. त्यांनी पत्र्यावरचा गरम पाव उचलला, मोडला आणि म्हणाले, “हा काय? हा नान.” फारसीत नान म्हणजे रोटी, भाकरी, पाव, भाजलेलं कुठलंही धान्याचं अन्न. हॉटेलात तंदूरमधून येतो त्याच लांबट प्रकाराला आपण नान समजतो, पण तो अर्थ नंतर आक्रसून उरलेला. नानकटाईतला नान हा असा मोठ्या अर्थाचा आहे.

आता खताई. दहाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत, म्हणजे ९०७ ते ११२५, उत्तर चीनवर खितान नावाच्या लोकांचं राज्य होतं. ते मोडल्यावर त्यांच्यातली एक शाखा मध्य आशियात सरकली आणि तिथे तिने आणखी काही पिढ्या राज्य केलं. फारसी बोलणाऱ्या मुलखाला चीनची ओळख झाली ती या शेजाऱ्यांमधून, म्हणून उत्तर चीनला फारसीत ‘ख़ता’ किंवा ‘ख़ताय’ नाव पडलं. त्याच नावाचं युरोपात ‘कॅथे’ झालं. हाँगकाँगच्या विमान कंपनीच्या नावात ते आजही आहे. रशियन लोक तर चीनला अजून ‘किताय’च म्हणतात. इराणी गालिच्यावर वेलीफुलांची एक विशिष्ट नक्षी असते, तिचंही नाव ख़ताई. तेव्हा नान-ए-ख़ताई म्हणजे ख़ता देशाची रोटी.

याचा अर्थ पहिली नानकटाई चीनमध्ये भाजली गेली, असा लावायची घाई करू नका. पदार्थाला लांबच्या मुलखाचं नाव देणं ही माणसाची जुनी खोड आहे. लांबून आलेलं म्हणजे भारी, पांढरंशुभ्र, नाजूक, असा त्यात भाव असतो. हिंदीत साखरेला ‘चीनी’ म्हणतात, खडीसाखरेला ‘मिश्री’ म्हणतात. पहिल्यात चीन आहे, दुसऱ्यात मिस्र, म्हणजे इजिप्त. ऊस मात्र आपलाच. आपली मोसंबी मोझांबिकचं नाव घेऊन फिरते. पांढरी, तोंडात विरघळणारी, तूपसाखरेची रोटी पाहून कुणा फारसी बोलणाऱ्याला ख़ता आठवला असेल तर त्यात नवल नाही.

मग आंबट कुठून आलं? तर ते नंतर शिरलं. ख़ता नावाचा मुलूख इकडच्या सामान्य माणसाला माहीत नव्हता, पण खट्टा आणि खटाई हे शब्द हिंदी-गुजरातीत रोजचे. अनोळखी शब्द कानावर पडला की जीभ त्याला ओळखीच्या शब्दाला नेऊन टेकवते. खताईची खटाई झाली ती अशी. एकदा ट बसल्यावर अर्थही मागाहून जोडला गेला: पूर्वी माडी, म्हणजे माडाचा आंबवलेला रस, घालून पीठ आंबवायचे, म्हणून खटाई. ऐकायला पटतं, विशेषतः आपल्याकडे, जिथे माडी घातलेल्या पावाचा वास जुन्या लोकांना अजून आठवतो. पण आंबवलेल्या पिठालाच खटाई म्हणायचं, तर मग पावाचंच नाव खटाई पडायला हवं होतं.

दुसरी एक उपपत्ती जुनी आहे आणि तिच्यात आपल्या मराठीला ओढलं आहे, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा इंग्रजांच्या काळातला हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा प्रसिद्ध कोश. त्यात नानकटाई आहे, आणि सुरतेहून मुंबईत येणारा पदार्थ अशी तिची ओळख दिली आहे. तिथे सुरतेच्या एका इंग्रज कलेक्टरचं मत नोंदलंय: नान हा फारसी, आणि पुढचा ‘खट’ म्हणजे मराठी षट्, सहा. सहा जिनसांची रोटी ती नानखटाई. त्या सहा जिनसा अशा: गव्हाचं पीठ, अंडी, साखर, लोणी किंवा तूप, माडीचं किंवा धान्याचं आंबवण आणि बदाम.

ही यादी बेकरीवाल्याच्या दृष्टीने सोन्यासारखी आहे. नानकटाईत पूर्वी अंडं होतं आणि आंबवणही होतं, हे त्यातून कळतं. पण शब्दाचा उलगडा मला पटत नाही, आणि तो मराठी माणसाला तर मुळीच पटू नये. षचा ख करण्याची सवय उत्तरेकडची. आपण षचा श करतो, नाहीतर स. षष्ठीपासून आपल्याकडे सटवाई झाली, खटवाई झाली नाही. चंपाषष्ठीला आपण ‘सट’ म्हणतो. मराठी माणसाने सहा जिनसांवरून नाव ठेवलं असतं तर त्यात ‘खट’ आला नसता. शिवाय आज अंडं गेलं, माडी गेली, बदाम आला तर वर टिकलीपुरता येतो; जिनसा तीनचारच राहिल्या आणि नावाला त्याचं काही वाटलं नाही.

आता छापखान्याचा मुद्दा. मूळ खताई, मग खटाई, मग आपण ‘कटाई’ का म्हणतो? आपली चूक झाली का? अजिबात नाही, ही मराठीची चाल आहे. हिंदीत भूख, आपल्यात भूक. हिंदीत भीख, आपल्यात भीक. सूखाचं सुका, हाथचं हात. शब्दाच्या पोटातला किंवा शेवटचा हकार सोडून द्यायचा, ही आपल्या जिभेची पद्धत. फारसीहून आलेल्या शब्दांनाही आपण तेच केलं. ‘तख़्ता’चा तक्ता केला, शाळेच्या भिंतीवर लावला, ‘सख़्त’चं सक्त केलं आणि न्यायालयात सक्तमजुरी म्हणून लिहिलं. तक्ता खोडून तख्ता लिहा असं कुणी सांगत नाही. मग नानकटाईनेच काय घोडं मारलंय?

आणि ताई, तुम्ही देवगडच्या. तुमच्या हापूसचं मूळ नाव अफोन्सो, पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलेलं. कोकणाने ते तोंडात घोळवून घोळवून हापूस केलं. पेटीवर ‘अफोन्सो’ लिहा, तेच शुद्ध, असं म्हणणाऱ्याला देवगडात काय उत्तर मिळेल? तेच उत्तर छापखानेवाल्याला द्या. नानखटाई हे हिंदी-गुजराती रूप आहे, त्यांच्या जागी ते बरोबर. मराठी रूप नानकटाई. माझ्या दुकानात सकाळी येणारी आजी “माका अर्धो किलो नानकटाई दी” म्हणते, आणि तिच्या तोंडचा शब्द हाच माझा पुरावा आहे.

नानकटाई डचांनी आणली, असं आमच्या गावात पुष्कळजण अभिमानाने सांगतात. कारण आमच्याकडे डचांची वखार होती. १६३७ साली ती सुरू झाली आणि तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. पण डचांची ही गोष्ट खरी सुरतेची आहे. सुरतेत डचांची मोठी वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती, आणि डच गेल्यावर ती भट्टी दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आली. स्थानिक लोकांना पावापेक्षा कोरडे, टिकणारे प्रकार आवडले, त्यातून सुरती बिस्किटं आणि नानकटाई फोफावली, असं सांगतात. या गोष्टीत सोळाव्या शतकातलं डच जोडपंही कधीकधी येतं. ते मात्र बसत नाही, कारण डच ईस्ट इंडिया कंपनीच १६०२ ची. आणि डचांनी सुरत सोडली ती १८२५ मध्ये. सुरतेने नानकटाईला बाजार दिला, एवढं हॉब्सन-जॉब्सनमधल्या नोंदीवरूनही दिसतं. पण नाव फारसी आहे, त्यात डच अक्षर एकही नाही.

डच शब्द आहे तो दुसराच, आणि तो तुमच्या मुलीने सुचवलेला. कुकी!

डच भाषेत केकसारख्या पदार्थाला ‘कूक’ म्हणतात आणि छोट्या कूकला ‘कूक्ये’. डच लोक उत्तर अमेरिकेत जाऊन वसले, त्यांच्या न्यू ॲमस्टरडॅम गावाचं १६६४ मध्ये इंग्रजांनी न्यूयॉर्क केलं, पण डचांच्या घरातला खाऊ आणि त्याचं नाव तिथेच राहिलं. १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या अमेलिया सिमन्सच्या पाकपुस्तकात कुकी आहे. इंग्लंडमध्ये मात्र लोक बिस्किटच म्हणत राहिले, आणि आपल्यावर राज्य इंग्लंडचं होतं, म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना बिस्कीट माहीत, कुकी नाही. वेंगुर्ल्याच्या वखारीत डच राहत होते तेव्हा त्यांचा हा शब्द गावात रुजला नाही. तो आला साडेतीनशे वर्षांनी, अमेरिकेला वळसा घालून, मुंबईच्या मॉलमधून. वखारीवरून जाताना मला दर वेळी हे आठवतं आणि शब्दांच्या प्रवासाचं फार नवल वाटतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. ‘कुक’ करतात म्हणून कुकी, असं शिकलेले लोकही सांगतात. त्या दोन शब्दांचा संबंध नाही. कुकीचं नातं केकशी, दोन्ही जर्मानिक घराण्यातले. इंग्रजी ‘कुक’ आला लॅटिनमधून. आणि त्या लॅटिन घरातला खरा मुलगा आहे बिस्कीट: ‘बिस’ म्हणजे दोनदा, ‘कोक्टुस’ म्हणजे शिजवलेलं, भाजलेलं. दोनदा भाजलेला तो बिस्कीट. जहाजावर महिनोन्‌महिने टिकावा म्हणून पाव एकदा भाजून परत सुकवायचे, त्याचं हे नाव.

या व्याख्येने पाहिलं तर आज बिस्कीट म्हणून विकलं जाणारं जवळजवळ काहीच बिस्कीट ठरत नाही, कारण ते एकदाच भाजतात. आमच्या भट्टीत खरा दोनदा भाजलेला पदार्थ एकच, टोस्ट.

लाकडाच्या भट्टीचं वेळापत्रक सांगितलं म्हणजे या सगळ्या नावांमधला फरक हाताला लागेल. पहाटे भट्टी पेटवून निखारे पसरायचे, छताची वीट पांढरी पडेपर्यंत तापवायची, मग निखारे बाजूला ओढून ओल्या पोत्याने तळ पुसायचा. या पहिल्या कडक तापावर पाव लागतो. पाव निघाला की ताप एक पायरी उतरतो, तेव्हा बटर; म्हणजे लोणी नव्हे, चहात बुडवायचे ते कडक गोल जिऱ्याचे बटर. आणखी उतरला की नानकटाई. तिला सावकाश, दमाचा ताप हवा. विजेच्या भट्टीत बघायचं तर १६० ते १७० अंशांच्या आसपास. भट्टी गरम असताना घाईने लावली तर कडा लाल होतात आणि पोट कच्चं राहतं. सगळ्यात शेवटी, भट्टी जवळजवळ निवल्यावर, आदल्या दिवशीच्या पावाचे काप आत रचायचे आणि दार लावून झोपायला जायचं. रात्रभर सुकून सकाळी निघतो तो टोस्ट. उस्ताद म्हणायचे, नानकटाई उतरत्या भट्टीची लेक आहे. आजही पत्रा आत सरकवताना मी आधी हाताने ताप बघतो, मग काट्याकडे बघतो.

आता पदार्थ म्हणून नानकटाई आणि कुकी वेगळ्या कशा, हे ताईंना कळलं पाहिजे, कारण नावाचा खरा निकाल इथे लागतो. नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो. तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायची, इतकी की रंग पांढरा होतो आणि गोळा लोण्यासारखा हलका लागतो. त्यात मैदा, थोडं बेसन किंवा रवा, वेलची. आमच्याकडे जायफळ, कारण ते परसातलंच. एक किलो मैद्याला पाचशे ते सहाशे ग्रॅम तूप आणि पाचशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते. पिठाला पाणी मिळालं नाही आणि प्रत्येक कणाला तुपाचा लेप बसला की चिवटपणा तयारच होत नाही. म्हणून ती भाजताना वर तडकते आणि तोंडात घातल्यावर जीभ-टाळूत विरघळते, दात नसले तरी चालतं. वर तडे नसले तर समजावं तूप कमी पडलंय किंवा फेसणं अपुरं झालंय.

कुकीत लोणी असतं आणि लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं. वर अंडं. ते पाणी पिठाला थोडं चिवट करतं, साखर विरघळून पसरते, म्हणून कुकी चपटी होते, मधे मऊ, ओढली तर तुटायला जरा वेळ घेणारी. बिस्किटाचं पीठ त्याहून घट्ट, पाण्यादुधात मळलेलं, लाटून साच्याने कापलेलं. त्यावर टोचलेली भोकं वाफ बाहेर जायला. तीन वेगळे हात आहेत हे. कुकी ही नानकटाईची सुधारलेली आवृत्ती नव्हे, आणि नानकटाई ही देशी कुकी नव्हे.

मी हे अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही पाटीवर ‘कुकीज’ लिहून घेतलं होतं. पहिल्याच सुट्टीत मुंबईहून आलेल्या एका मुलाने हौसेने पाव किलो घेतल्या आणि संध्याकाळी त्याची आई परत आली. म्हणाली, याला चॉकलेटची मऊ कुकी हवी होती, ही तर भुगा होते. तिची काही चूक नव्हती. मी नाव एक सांगितलं आणि वस्तू दुसरी दिली. त्याच आठवड्यात गावातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने काळजीने विचारलं, “नानकटाई बंद केलीत काय हो?” त्या दिवशी पाटी उतरवली. नवीन गिऱ्हाईक फसलं होतं आणि जुनं परत जायच्या बेतात होतं.

वापराबद्दल थोडं. शब्द स्त्रीलिंगी: ती नानकटाई, चार नानकटाया. पण वजनावर मागताना कुणी अनेकवचन करत नाही, ‘पाव किलो नानकटाई’ असंच म्हणतात. क्रियापदही तिचं स्वतःचं आहे. नानकटाई ‘पाडतात’. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरोघरच्या बायका डब्यातून मैदा, तूप, साखर आणून बेकरीत नानकटाई पाडून घेतात. आम्ही भाजणावळ किलोवर घेतो. कुणी घरचं साजूक तूप आणतं, कुणी डालडा, आणि कुणाच्या डब्यातलं काय हे भाजताना वासावरून कळतं. प्रत्येकीचा पत्रा वेगळा, त्यावर ओळख म्हणून कुणी बोटाचा ठसा उमटवतं, कुणी चारोळी लावतं, कुणी काट्याने रेघा मारतं. चाकरमानी परत निघाले की त्यांच्या पिशवीत तो डबा असतोच. आमच्याकडे ईदला आणि नाताळालाही मागणी तेवढीच. उस्तादांच्या घरी ती नानखताई, माझ्या घरी नानकटाई, ताटली एकच.

नाचणीची नानकटाई हल्ली सगळे करतात, तुम्हीही करत असाल. तिला नानकटाई म्हणायला माझी हरकत नाही, कारण तूप-साखर फेसण्याची आणि पाणी न घालण्याची रीत तीच आहे. नाचणीत चिवटपणा मुळातच नसतो, म्हणून ती जास्त ठिसूळ होते. थोडा मैदा किंवा कणीक आधाराला ठेवा. ओल्या खोबऱ्याची करू नका, पिठात ओलावा शिरतो आणि पावसाळी हवेत दोन दिवसांत खवट वास येतो. सुकं खोबरं मंद भाजून घ्या. साखर आपल्या हवेतला दमटपणा ओढून घेते, तेव्हा पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही. आतली वाफ हा नानकटाईचा शत्रू आहे.

तर पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘नानकटाई’. खाली लहान अक्षरात ‘तुपातली’ किंवा ‘नाचणीची’, जे खरं असेल ते. डालड्यासारखं वनस्पती तूप वापरत असाल तर ‘तुपातली’ लिहू नका, आपल्याकडची माणसं एका घासात ओळखतात. इंग्रजी मजकूर हवाच असेल तर त्या लिपीतही हाच शब्द उच्चाराप्रमाणे लिहा, भाषांतर करू नका. मुलीला कुकीज करायच्या असतील तर जरूर करू द्या, पण लोणी आणि अंडं घालून, वेगळ्या पाकिटात, वेगळ्या नावाने. अंडं घातलं की पाकिटावरची हिरवी खूणही चालत नाही, ते आठवणीने बदला. छापलेली पाकिटं फुकट जाऊ देऊ नका. ‘नानखटाई’वाली पहिली खेप संपवा, माल आतला चांगला असेल तर कुणी परत करणार नाही. पुढच्या खेपेला मजकूर स्वतः वाचून मगच छपाईला द्या.